पुसलेला हात

फोनमध्ये ‘पाया’ नावाचं बटण आलं आणि इचलकरंजीत पहिली गंमत झाली ती एका पुढाऱ्याची. त्याच्या वाढदिवसाचं चित्र गावभर फिरत होतं. पुढे हात जोडलेले साहेब, मागे तुडुंब सभा. कुणीतरी त्या चित्रावर ‘पाया’ दाबला आणि सभा विरघळली. खाली रिकाम्या खुर्च्या निघाल्या. एकच फेटेवाला म्हातारा सभेत जागोजागी बसवलेला होता, तो आता एका खुर्चीवर एकटा उरला. गाव आठवडाभर हसत होतं. त्रिशला मगदूम मात्र हसली नाही. ते चित्र तिनं केलेलं नव्हतं, पण तसली चित्रं तिनं आयुष्यात रग्गड केली होती.

त्रिशलाचं डिझाइनचं दुकान होतं. सूत व्यापाऱ्यांच्या वेबसाइटी, साड्यांचे कॅटलॉग, लग्नपत्रिका असली कामं असायची. पण नाव होतं ते स्थळाच्या फोटोंसाठी. मुलीचा बरा फोटो म्हणून घरात जो काही असतो, तो नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नातला असतो. शेजारी मावशी उभी, खांद्यावर मैत्रिणीचा हात, मागे आइस्क्रीमचा स्टॉल. मावशी कापायची, हात पुसायचा, स्टॉलच्या जागी निळसर पडदा टाकायचा आणि जाता जाता रंग एक पायरी उजळ करायचा. पंचक्रोशीतल्या अर्ध्या सुना अशा रीतीनं त्रिशलाच्या पडद्यावरून सासरी गेल्या होत्या.

पायामागचं शास्त्र तसं सोपं होतं, आणि कापडाच्या गावात तर ते कुणालाही कळावं. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या बारीक कणांची जाळी असते. सगळे कण सारखेच म्हणून बनवलेले असतात, पण एखादा किंचित जास्त प्रकाश घेतो, एखादा किंचित कमी. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याच्या फोटोत त्याची स्वतःची एक वीण उतरते, डोळ्याला न दिसणारी. पूर्वी फोटो इकडून तिकडे पाठवताना ही वीण विस्कटायची. नव्या यंत्राला ती विस्कटलेल्यातूनही वाचता येऊ लागली. कंबर बारीक करायला फोटो आत ओढला की तिथले धागे वाकतात. किती वाकले ते मोजून यंत्र ते पुन्हा सरळ करतं आणि कंबर होती तेवढी होते. चढवलेला गोरेपणाही तसाच उतरवता येतो.

खरी अडचण ठिगळाची. एखादी वस्तू पुसून त्या जागी शेजारचा तुकडा बसवला की खालचं कायमचं जातं. तरी कडेला काही ना काही राहतं. पदरावरची सावली, दबलेली चुणी, धातूची तिरीप. तेवढ्यावरून यंत्र खाली काय असेल याचा अंदाज बांधतं आणि तिथं चित्र काढून देतं. पहिल्या आवृत्तीत अशा अंदाजाच्या जागी तिरप्या रेघा दिसायच्या. लोकांना त्या रेघा कुरूप वाटल्या, तक्रारी गेल्या, आणि कंपनीनं रेघा काढून टाकल्या. तेव्हापासून पुरावा आणि अंदाज एकाच रंगात दिसू लागले.

हे त्रिशलाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि घरावर येणं वेगळं.

सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ती एका पैठणीच्या काठाचा रंग जुळवत होती.

“अक्का, माझा बायोडाट्याचा फोटो आठवतोय का?” चेलना दबक्या आवाजात बोलत होती. “जांभळ्या साडीतला.”

“न आठवायला काय झालं? मीच केलाय की.”

“वन्संनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला व्हिडिओ करायला घेतला. सगळ्या जुन्या फोटोंवर पाया दाबत बसल्या होत्या, मजा म्हणून. माझ्या खांद्यावर हात आला.”

“येणारच. मग?”

“बाप्याचा हात आलाय, अक्का. केसाळ. मनगटात हे एवढं घड्याळ.”

त्रिशलानं माउस खाली ठेवला. “अगं, मग सांगायचं की अक्काचा म्हणून!”

“सांगितलं. वन्सं हसल्या. म्हणाल्या, ‘अक्कांचा हात असा कधीपासून झाला? बोलवा त्यांना. शेजारी धरून बघू.’ सासूबाई पण म्हणाल्या, बोलवा.” चेलना थांबली. “बाहेरच्या खोलीत, उजेडात, सगळ्यांसमोर. तुझा हात.”

त्रिशलानं उजवा हात टेबलाखाली घेतला.

“रंग लावून येते,” त्रिशला म्हणाली.

“रंग जवळून कळतो. मला कळतो.”

“श्रेणिकराव काय म्हणतात?”

“काहीच म्हणत नाहीत. जेवतात, झोपतात. प्रेक्षाशी बोलतात, माझ्याशी नाही.” पलीकडे कुणीतरी आलं असावं, कारण चेलना एकदम मोठ्यानं म्हणाली, “बरं, ठेवते हं,” आणि फोन बंद झाला.

त्रिशलानं तो फोटो शोधला आणि पाया दाबला. चेलनाच्या डाव्या खांद्यावर हळूहळू एक हात उगवला. जाड बोटं, मनगटावर केस, पोलादी पट्ट्याचं घड्याळ. घड्याळ तेवढं खरं होतं. ते अण्णांचं. अण्णा गेल्यावर त्रिशलानं ते मनगटावर चढवलं. लोकांना वाटायचं पोरीचं बापावर भारी प्रेम. प्रेम होतंच, पण पट्टा रुंद होता हेही होतं. पट्ट्याखाली कोड होतं.

तिला ते विसाव्या वर्षी सुरू झालं, उजव्या मनगटापासून. मग बोटं, मग वर कोपरापर्यंत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की हे स्पर्शानं पसरत नाही, अंगाला काही करत नाही, कातडीतला रंग बनवणाऱ्या पेशी आपलंच शरीर मारून टाकतं, एवढंच. घराण्यात चालतं का, तर कधी चालतं, बहुतेक वेळा नाही. आईनं त्यातलं ‘कधी चालतं’ तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला. पुढं त्रिशला वेबसाइटचं काम शिकली आणि ‘आज रात्रभर कोड लिहिलं’ असं सहज बोलून गेली, तेव्हा आईच्या हातातली वाटी खाली पडली. “त्याला दुसरं काहीतरी म्हण बाई,” आई म्हणाली. तेव्हापासून मगदूमांच्या घरात सगळी दुनिया कोड लिहायची आणि त्रिशला ‘प्रोग्राम’ लिहायची.

चेलनाला शेट्यांचं स्थळ आलं तेव्हा श्रेणिक राजा आणि चेलना राणी ही नावांची जोडी जैन पुराणातच जमलेली आहे म्हणून दोन्हीकडचे खूश होते. फोटो तेवढा मागितला होता. चांगला फोटो एकच, मामेबहिणीच्या लग्नातला, दोघी बहिणींचा. त्रिशलानं त्यातून आधी स्वतःला कापलं. मग खांद्यावरचा आपला हात पुसायला घेतला. ठिपके ठिपके पडलेली ती बोटं पडद्यावर मोठी करून, एकेक. आई मागे उभी होती. त्रिशला ज्या स्टुडिओत शिकली तिथला पहिला धडा होता, मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची. त्या दिवशी तिनं प्रत काढली नाही. आई विचारत होती, “गेला का? परत येणार नाही ना?” आणि तिनं मुळावरच सेव्ह केलं.

लग्नात ती कॅमेऱ्यामागे राहिली. शेट्यांकडे जायचं तर पूर्ण बाह्या आणि हाताला डाग झाकायचा रंग. जेवायला बसताना ‘आज उपास आहे’ म्हणायची, कारण जेवलं की हात धुवावा लागतो. तिच्या उपासांचं सांगलीत कौतुक होतं.

आता ती पडद्यावरच्या त्या केसाळ हाताकडे बघत होती. तो सबंध सारख्या गव्हाळ रंगाचा होता. यंत्राला सावली सापडली, घड्याळ सापडलं, चुणी सापडली. पण डाग असतील असं काही त्याला सुचलं नव्हतं. त्यानंही ते साफ करून टाकले होते. त्रिशलाला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्हींचा तिला राग आला.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. मग तिच्या डोक्यात ते आलं.

लग्नातला तो फोटो ज्यानं काढला होता तो जुना कॅमेरा अजून कपाटात होता. म्हणजे वीण तीच मिळणार होती. तिनं हाताला रंग लावला, दोन थर. आईच्या पाटल्या घातल्या. आई जाऊन दोन वर्षं झाली होती; तिचा हात कुणी शेजारी धरून बघणार नव्हतं. एका खुर्चीच्या पाठीवर जांभळं कापड टाकून त्रिशलानं त्यावर हात ठेवला आणि लग्नातल्या दिव्यासारखा पिवळा उजेड सोडून फोटो काढले. मग कामाला लागली. सावलीच्या कडेला कड, चुणीत बोटाचं पेर, घड्याळाच्या तिरपीच्या जागी पाटलीची तिरीप. बोटं थोडी सुजवली, नखं खरबरीत केली, एका पेरावर विळीची जुनी खूण काढली. शेवटी धाग्याला धागा लावून कणांची वीण एकसंध केली. हे काम गावात आणखी कुणाला जमलं नसतं, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं पाया दाबला. फोन क्षणभर थबकला आणि म्हणाला, ‘मूळ चित्र. बदल आढळले नाहीत.’

त्रिशलानं टेबलावर थाप मारली. शेंडी लावली होती तिनं त्याला! एवढा आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तो ओसरायला फार वेळ लागला नाही. फोटोत आई चेलनाच्या खांद्यावर हात ठेवून होती, चेलना हसत होती, आणि त्रिशला दुसऱ्यांदा तिथून नाहीशी झाली होती. पण बहिणीचा संसार राहतो ना, मग बास, असं तिनं स्वतःला बजावलं. सकाळच्या एसटीनं ती सांगलीला निघाली.

चेलनानं दार उघडलं आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. सासूबाई आणि वन्सं देवळात गेल्या होत्या. श्रेणिक हळदीच्या पेढीवरून जेवायला येण्याची वेळ होत आली होती. सहा वर्षांची प्रेक्षा ओट्याखाली डबे रचत बसली होती.

“हे बघ,” त्रिशलानं फोन पुढं केला. “आईचा हात. पाया दाबून बघ, पास होतो. तू घाबरून अक्काचा म्हणालीस, आता नीट आठवलं म्हणून सांग.”

चेलनानं फोटो बघितला. आईच्या बोटावरच्या विळीच्या खुणेवर तिची नजर थबकली, डोळे भरले. मग तिनं फोन परत दिला.

“उशीर झाला, अक्का. मी काल कबूल केलं.”

“काय कबूल केलं?”

“कॉलेजात एक मुलगा होता म्हणून. लग्नाच्या आधी वर्षभर. संपलं ते, म्हणून सांगितलं.”

“कुठला मुलगा? तुला तर कॉलेजात शेजारच्या बाकावरचं नाव माहीत नव्हतं!”

“हळू बोल की. नव्हताच कुणी.” चेलना भाकरीचं पीठ मळायला लागली, जरा जास्तच जोरात. “रडले थोडी. ते रात्रभर गच्चीवर बसले. सकाळी म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. आता तू हे दाखवलंस तर मी खोटं का बोलले ते विचारतील.”

त्रिशला तिच्याकडे बघतच राहिली. “माझा हात दाखवण्यापेक्षा तुला हे बरं वाटलं?”

“तसं नव्हे गं.”

“मग कसं?”

“कॉलेजातल्या मुलाला माफी असते, अक्का. ह्याला नसते.” चेलनाचे हात पिठात थांबले. “माझं काय, माझं लग्न झालं. तू मध्ये आलीस की रक्ताचा विषय निघतो. मग डोळे लावून बसतील सगळे, हिला कधी, तिला कधी.”

“डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक वेळा नाही चालत.”

“डॉक्टरांच्या घरात द्यायचीय का मुलगी?”

बाहेर फाटकाशी मोटरसायकल थांबली. चेलना चपापली. घाईघाईनं हात धुतले, मसाल्याच्या डब्यामागून एक ट्यूब काढली आणि हाक मारली, “प्रेक्षा, इकडं ये. बाबा आले.”

पोर सवयीनं आली आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा पुढं केला. नखाखाली तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. चेलनानं त्यावर रंगाचा थेंब चोळला, फुंकर मारली. त्रिशलानं ट्यूब ओळखली. ती स्वतः वापरायची त्याच कंपनीची, त्याच रंगाची.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“पावसाळ्यापासून. कुणाला माहीत नाही.” चेलनानं पोरीचा अंगठा निरखून पाहिला. “काय सांगितलंय मी?”

“बाबांना दाखवायचं नाही,” प्रेक्षा पाठ केल्यासारखी म्हणाली आणि बाहेर पळाली.

त्रिशला ओट्याला टेकली. स्वतःसाठी तिला कधी एवढा संताप आला नव्हता. स्वतःला कापणं तिला सवयीचं होतं, त्यात तिचा हात बसलेला होता. पण ह्या पोरीनं अंगठा पुढं केला तो अगदी तसाच, जसा ती विसाव्या वर्षी रंग लावून घ्यायला आईपुढं हात करायची. विसाव्या. ही तर सहाची होती.

“अक्का, शपथ आहे तुला,” चेलना पुटपुटली.

श्रेणिक हातपाय धुऊन आला. भला माणूस. डोळे जागरणानं लाल झाले होते, तरी त्रिशलाला बघून त्यानं वाकून नमस्कार केला. “बरं झालं आलात, अक्का. बसा. आज तरी उपास नाही ना?”

ताटं मांडली. कुणाला घास जाईना. प्रेक्षा बापाला खेटून बसली होती, डावा हात मांडीवर, उजव्या हाताचा अंगठा मुठीत.

“एक विचारू का, अक्का?” श्रेणिक ताटाकडे बघत म्हणाला. “मी तिला माफ केलंय. तोंडदेखलं नाही, खरंच. पण डोक्यातून जात नाही. तो फोटो तुम्ही कापलात. म्हणजे तुम्ही त्याला बघितलं असणार. कसा होता तो?”

शेजारी चेलनानं वाढायला उचललेलं भांडं पुन्हा खाली ठेवलं. फोनमध्ये आईचा हात होता. जिभेवर ‘आता आठवत नाही’ होतं. दोन्ही सोपं होतं, दोन्ही पास झालं असतं.

ती उठली, मोरीवर गेली, बाही कोपराच्या वर सारली आणि साबण लावून हात घासायला लागली. रंग चिवट असतो, वेळ लागतो. परत येऊन ती बसली आणि तिनं हात ताटाच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात ठेवला. बोटं, मनगट, कोपरापर्यंत, पांढऱ्यावर तपकिरी की तपकिरीवर पांढरं, सांगता येऊ नये असा.

“तो मुलगा मी, श्रेणिकराव,” ती म्हणाली. “घड्याळ अण्णांचं. केस यंत्रानं घातले. हात माझा. मीच पुसला, कारण मला कोड आहे.”

त्या अर्थानं तो शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला होता. तिला भीती वाटत होती आणि मोकळंही वाटत होतं.

श्रेणिक हाताकडे बघत होता. चेलनानं पदर तोंडावर दाबून धरला होता. तिला काही बोलायचं होतं, पण तिच्या आधी प्रेक्षाच उठली. ताटं ओलांडून पुढं आली, वाकली, मावशीच्या बोटांवरून नजर फिरवत गेली.

“मावशी, तुला पण?” तिनं विचारलं. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. आणि कुणी अडवायच्या आत तिनं अंगठा तोंडात घालून ओला केला आणि फ्रॉकच्या टोकानं खसाखसा पुसायला सुरुवात केली.